चाकांवरचे बिऱ्हाड आणि दुसरबीड

मोटारीच्या इंजिनाविषयी मी काही लिहावे, हे आमच्या घरात कोणालाच मान्य नाही. "ज्यांना उभ्या जन्मात सायकलची उतरलेली साखळी धड बसवता आली नाही, त्यांनी इंजिनावर लिहायचं म्हणजे कमालच झाली," हा सौभाग्यवतींचा अभिप्राय. तो खराच आहे. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले. यंत्राशी माझा संबंध डोंबिवलीला लोकल पकडण्यापुरता. पण शहाणपण माणसाला कुठून येईल ह्याचा नेम नसतो. मला ते आले आईच्या एका हट्टातून, कसाऱ्याच्या घाटातून आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीड नावाच्या गावातून.

दुसरबीड हे नाव पुष्कळांनी ऐकलेले नसेल. जालन्याहून सिंदखेडराजावरून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर रस्त्यावरचे हे गाव. माझे वडील १९६१ साली तिथे शाळामास्तर म्हणून गेले. माझा जन्म तिथलाच, पण मी चार वर्षांचा असताना आम्ही गाव सोडले, त्यामुळे मला एक कडुलिंबाचे झाड सोडले तर काही आठवत नाही. आणि तेही खरोखर आठवते की ऐकून ऐकून आठवते, हे सांगता येणार नाही.

आईला मात्र सारे आठवते. मनमाडहून मीटरगेजच्या गाडीने जालना, आणि जालन्याहून बिऱ्हाडासकट मालट्रकने दुसरबीड. मागे पाटा-वरवंटा, दोन ट्रंका आणि एक खाट. पुढे ड्रायव्हरशेजारी वडील आणि वीस वर्षांची आई. ट्रक टाटा-मर्सिडीज. हे ट्रक जमशेदपूरला १९५४ पासून बनू लागले होते आणि आमच्या भागात त्यांची अजून नवलाई होती. "आधीच्या पेट्रोलच्या लॉऱ्या चढावर चहाच्या किटलीसारख्या वाफ सोडायच्या, दर चढाला पाणी पाजावं लागायचं. ही डिझेलची आहे बाई, ही थांबायची नाही," असे त्या ड्रायव्हरने तिला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. ही हकीगत मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली आणि शंभर वेळा दुसऱ्या कानाने सोडून दिली.

दोन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही. मध्येच आडवे व्हावे लागते. कमोड हवा, पायऱ्या नकोत. म्हणजे लॉज नाही, एस.टी. नाही, आगगाडी नाही. अशातच एके दिवशी संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती म्हणाली, "बाळ, मला एकदा दुसरबीडला ने. मग मी काही मागणार नाही."

आईने आजवर काही मागितले होते असे नाही. म्हणूनच ते 'मग' मला फार लागले.

उपाय चिरंजीवांनी काढला. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून चाकांवरच्या घरांची हौस आपल्याकडेही थोडी थोडी दिसू लागली आहे. ह्या घरांत दोन जाती. एकीत इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर. दुसरीत घर वेगळे, त्याला स्वतःचे इंजिन नाही, मोटारीने ते मागे हुकाला अडकवून ओढायचे. चिरंजीवांच्या एका मित्राकडे दुसऱ्या जातीचे एक होते. दोन बिछाने, बसका संडास, छोटा ओटा, मागे पाण्याची टाकी. सामानासह वजन अकराशे किलो. आम्ही त्याचे नाव 'बिऱ्हाड' ठेवले. त्याला मोटारीसारखा स्वतंत्र नंबर लागतो, आणि चालू असताना आत कोणी बसायचे नसते. म्हणजे आईने मोटारीत बसायचे आणि तासातासाने थांबून मागच्या घरात पाठ टेकायची. बेत छान होता. राहता राहिला प्रश्न, ओढायचे कशाने?

"आपल्या गाडीने," चिरंजीव म्हणाले. "दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, एकशेसाठ अश्वशक्ती. त्या काळच्या ट्रकला एवढी नव्हती!" त्यातून गाडी आवाज न करणारी आणि गिअर आपोआप बदलणारी. आईला धक्का बसणार नाही म्हणून मीही मान डोलावली. आई एवढेच म्हणाली, "ओझं ओढायला ट्रकचं इंजिन लागतं रे." आम्ही दोघेही हसलो.

२०२४ च्या मे महिन्यात निघालो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यापूर्वी आमच्यासारख्यांना कसारा चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. शहापूरपर्यंत बिऱ्हाड मागे आहे हे कळलेसुद्धा नाही. घाटात पुढे कंटेनरांची रांग लागली. दहा हात पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा दहा हात. दुसऱ्या वळणानंतर काहीतरी करपल्याचा वास आला. सौभाग्यवतींनी सवयीने विचारले, "गॅस बंद केला होता ना?" तेवढ्यात समोरच्या पडद्यावर तांबडे अक्षर उमटले, गिअरबॉक्स तापला आहे, गाडी थांबवा. थांबवली. मागून भोंग्यांचा कल्लोळ, वर मे महिन्याचे ऊन, आणि आई ओल्या टॉवेलने कपाळ पुसत बसलेली.

दीड तास आम्ही कठड्याशी काढला. दरीपलीकडे रेल्वेची गाडी चढताना दिसत होती. तिथे सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि वर्षानुवर्षे तिथे गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावत आले आहेत. मी ते पाहत होतो आणि आमच्या बिऱ्हाडाला मागून ढकलणारे कोणी नाही, असा बालिश विचार मनात येत होता. गाडी निवल्यावर रखडत इगतपुरी गाठली आणि उतरणीच्या रस्त्याने परत घरी. "मी सांगत नव्हते?" असे आई म्हणाली असती तर बरे वाटले असते. ती म्हणाली, "माझ्यापायी एवढी दगदग नको करूस आता." आणि मग दुसरबीडचे नाव तिने काढले नाही.

पावसाळाभर आमच्या घरात इंजिनांची चर्चा चालली. अमेरिकेत ह्यूस्टनला माझा भाचा असतो. तिकडे घर ओढत हिंडणे हा एक संप्रदायच आहे, आणि त्यासाठी जे राक्षसी पिकअप मिळतात त्यांत पेट्रोल घ्यावे की डिझेल, ह्यावर तिथली मंडळी आपल्याकडे कांदाभजी की बटाटेवडा यावर वाद घालतात तशी भांडतात. राम ह्या पिकअपमध्ये २०१९ साली कमिन्सचे सहा सिलिंडरचे असे डिझेल इंजिन आले की त्याचा टॉर्क एक हजार पौंड-फूट, म्हणजे आपल्या मापात सुमारे १३५६ न्यूटन-मीटर भरला. हे कमिन्स म्हणजे आपल्या कोथरूडचेच बरे का! १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात त्यांचा कारखाना निघाला. भाच्याने मात्र पेट्रोलचे घेतले होते, कारण डिझेलला तिकडे जवळजवळ दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात. टेक्ससच्या सपाटीवर तो सुखी होता. मग एकदा कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे अकरा हजार फुटांवर, घर ओढत गेला. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन आपली जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद हरवून बसते. "मामा, डिझेलच घे," हा त्याचा निरोप.

पण आमच्या इंजिनाला तर टर्बो होता, आणि कसारा काही अकरा हजार फुटांवर नाही. मग ते का हरले?

ह्या प्रश्नावर सूनबाई पुढे सरसावल्या. त्या इंजिनिअर आहेत, आणि इतके दिवस सासरेबुवांचा अपमान नको म्हणून गप्प होत्या. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. मोटार आणि बिऱ्हाड मिळून तीन टन धरा. वीस फुटांना एक फूट असा चढ, वेग ताशी चाळीस किलोमीटर. एवढे ओझे वर न्यायला चाकांपाशी किती अश्वशक्ती लागते? तिसेक! मी दोनदा ताळा करून पाहिला. हिशेब हा माझा प्रांत. एकशेसाठ घोडे घरात असताना तीस घोड्यांच्या कामाला आम्ही नापास झालो होतो.

"अश्वशक्ती म्हणजे काम किती झपाट्यानं होतं ते," सूनबाई म्हणाल्या. "ओझं जागेवरून हलवायचं तर लागतो पीळ, म्हणजे टॉर्क. आणि तोही इंजिन सावकाश फिरत असताना." डिझेलची मेख इथेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा साधारण दहापट दाबतात आणि ठिणगी टाकून जाळ करतात. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा सोळा-सतरापट दाबली की ती इतकी तापते की इंधन शिंपडताच पेटते. रूडॉल्फ डिझेल ह्या जर्मन गृहस्थाने १८९७ साली आउग्सबुर्गला असे इंजिन चालवून दाखवले. बिचारा १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला, आणि आपल्या इंजिनाने पुढे सारे जग ओढलेले त्याला पाहता आले नाही.

ह्याचा अर्थ डिझेल घ्यावे आणि मोकळे व्हावे असा नाही. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी आली. भाजी आणायला दोन किलोमीटर जायचे आणि परत यायचे, अशा वापरात ती जाळी पुरेशी तापत नाही, मग तुंबते, आणि तिचा खर्च ऐकून माणूस तापतो. वर्षातून एकदा बिऱ्हाड ओढणाऱ्याने त्यासाठी डिझेल विकत घ्यावे, हे माझ्या जमाखर्चात बसेना. म्हणून आम्ही ते विकत न घेता आठवड्यापुरते भाड्याने आणले. दुहेरी केबिनचा पिकअप, डिझेल, हाताने गिअर टाकायचा. कागदावर अश्वशक्ती आमच्या मोटारीइतकीच, एकशेसाठच्या आसपास. टॉर्क मात्र तिच्या अडीचशेला ह्याचा तीनशेसाठ.

नोव्हेंबरअखेर पुन्हा निघालो. आईला "जरा नाशिकपर्यंत जाऊन येऊ" असे सांगितले होते. ती काही बोलली नाही, पण तिने पिशवीत एक नवे खणाचे झबले घेतले आहे असे सौभाग्यवतींनी मला हळूच सांगितले. कोणासाठी, ते आम्हाला कळेना.

कसाऱ्यात पुन्हा तीच कंटेनरांची रांग. पिकअपचा आवाज गिरणीसारखा, पण दुसऱ्या गिअरमध्ये तो रेड्यासारखा खाली मान घालून चढत राहिला. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. घाटमाथ्यावर आई म्हणाली, "हा ट्रक आहे वाटतं?" मी म्हटले, "जवळजवळ."

पुढचा प्रवास समृद्धी महामार्गाने वेगात झाला असता, पण आईला जुनाच रस्ता हवा होता. नाशिक, येवला, वैजापूर. रात्री संभाजीनगरला नातेवाइकांच्या अंगणात बिऱ्हाड उभे केले. दुसऱ्या दिवशी जालना सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि पिवळ्या फुलांची तूर. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यापुढे थांबलो. जिजाऊसाहेबांचे हे जन्मस्थान. भव्य दरवाजाकडे पाहून आईने पायरी न चढता खालूनच हात जोडले आणि मग बिऱ्हाडात जाऊन अर्धा तास पडली.

मात्र त्या टप्प्यात एक नवीनच भीती निर्माण झाली होती. उताराला वेग साठच्या वर गेला की बिऱ्हाड शेपटीसारखे डाव्या-उजव्या बाजूला झोके घेऊ लागे. चिरंजीवांचे तळहात घामाने ओले. ओढणारा चांगला मिळाला, तर आता ओढले जाणारे रुसले!

दुसरबीडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर दुरुस्तीचे एक दुकान होते, तिथे गाडी उभी केली. पाच मिनिटांत भोवती पंधरा माणसे आणि तीस मुले. त्यांतले एक धोतर-टोपीतले म्हातारबाबा बिऱ्हाडाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अरे बाप्पा, ही गाडी तर उलार झाली ना!"

उलार म्हणजे मागे ओझे जास्त झालेली बैलगाडी, जिचे जू वर उचलले जाते. दुकानातल्या मिस्त्रीने पुढे येऊन हुक सोडवला आणि बिऱ्हाडाचा दांडा जवळजवळ एका हाताने वर उचलून दाखवला. "हे पाहा साहेब. अकराशे किलोचा माल, त्यातलं सत्तर-ऐंशी किलो तरी हुकावर बसलं पाह्यजे. तुमचं सारं मागं. मग ते शेपूट हालवल नाही तर काय करंल?" मागची पाण्याची टाकी आम्ही काठोकाठ भरली होती, आणि सौभाग्यवतींचा फराळाचा डबाही मागच्याच फळीवर होता. मिस्त्रीने टाकी निम्मी रिकामी करवली, गॅसचा सिलिंडर आणि ट्रंक पुढे आणवली. पैसे विचारले तर म्हणाला, "पाणी सांडायचे कशाचे पैसे?"

चहा आला. मी त्याला कसाऱ्याची कहाणी सांगितली आणि पेट्रोलच्या इंजिनाला चार शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले नाही. "काहून इंजिनाला नावं ठेवता साहेब? इंजिन नाही हारलं तुमचं, क्लच हारला. रांगत रांगत चढताना तो अर्धा धरला, अर्धा सोडलेला राहते. घासून घासून तापते. अन् आपोआप गिअरवाल्या गाडीत ते तुमच्या पायाला समजत बी नाही." हा मिस्त्री तरुणपणी उसाच्या ट्रॅक्टरवर होता. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो, ते इंजिनाच्या जोरावर नव्हे, तर गिअरांच्या जोरावर. इंजिन शंभराहून अधिक फेरे घेते तेव्हा मागचे मोठे चाक एक फेरा घेते. म्हणून घाई नाही आणि दमही लागत नाही. गावाजवळचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडून कितीतरी वर्षे लोटली. त्यानंतर हा माणूस ऊस ओढायला लांबच्या कारखान्यांवर जाऊ लागला, आणि पाठ गेली तेव्हा दुकान टाकून बसला. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. रस्ता कुठून कुठे जातो हे सांगावे तसे सांगितले.

"एक ध्यानात ठेवा," निघताना तो म्हणाला. "चढाला डिझेल चांगलं, पण उताराला ते पेट्रोलइतकं गाडी अडवत नाही. मोठ्या ट्रकाला त्यासाठी धुराडं आवळायचा ब्रेक असते, तुमच्या ह्या पिकअपला नाही. ज्या गिअरमधी चढले त्याच गिअरमधी उतरा. निस्त्या ब्रेकावर भरवसा नका ठेवू."

गावात आमचे घर राहिलेले नाही. त्या जागी दुमजली इमारत आहे, खाली खताचे दुकान. कडुलिंब मात्र आहे. मी त्याला हात लावून पाहिला. शेजारच्या घरातून एक वृद्ध बाई काठी टेकत आल्या, आईकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई?" मग दोघी एकमेकींना धरून ज्या रडल्या, त्यात आम्हा बाकीच्यांना काही काम नव्हते.

संध्याकाळी आई म्हणाली, "मला ओढ्यापर्यंत ने." गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत कच्चा रस्ता होता. बिऱ्हाड सोडून नुसता पिकअप नेला. एका बाभळीच्या झाडापाशी तिने थांबायला सांगितले, उतरली, आणि पिशवीतून ते खणाचे झबले काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवले.

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. १९६२ च्या पावसाळ्यात, सव्वा महिन्याची होऊन गेली. रस्ते चिखलाने बंद, डॉक्टर जालन्याला. हे मला वयाच्या साठाव्या वर्षी, त्या ओढ्याच्या काठी कळले. वडिलांनी ते कधी सांगितले नव्हते, तिनेही नाही. "झाड तेच आहे का, कोण जाणे," ती म्हणाली. "पण जागा हीच."

त्या रात्री शेजारच्या बाईंच्या अंगणात बिऱ्हाड उभे केले. त्यांच्या सुनेने ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी पाठवली. आई खिडकी उघडी ठेवून झोपली. सकाळी मी विचारले, झोप लागली का? म्हणाली, "लागली. खाट मऊ होती रे, पण."

परतीच्या वाटेवर बिऱ्हाडाने एकदाही शेपूट हलवले नाही. इगतपुरीनंतर घाटाच्या तोंडाशी चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली, दुसरा गिअर टाकला आणि वीसच्या वेगाने उतरू लागले. मागच्या मोटारवाल्यांनी भोंगे वाजवले. कोणी लक्ष दिले नाही. आई पुढच्या सीटवर बसली होती. दरीपलीकडे आगगाडी चढत होती, तिच्याकडे ती वळून वळून पाहत होती. कसारा गाव आले तेव्हा तिने विचारले, "उतरलो का?"

"उतरलो," चिरंजीव म्हणाले आणि हात पँटला पुसले.

"मग त्या ट्रकला जरा पाणी पाजा," आई म्हणाली, "आणि आपण चहा घेऊ."